वखार, दस्तक आणि जकात

गतवर्षीच्या गणेशोत्सवात आमच्या समता कॉलनीत (हिंदी फलकांवर ती 'कॉलोनी' असते, पण मराठी तोंडाला 'कॉलनी'च रुचते) एका स्नेह्यांकडे आरतीनंतर मंडळी प्रसादासाठी बसली होती. यजमानांचे चिरंजीव करसल्लागाराचा व्यवसाय करतात. एका परदेशी कंपनीस आपल्या देशात पाय तर रोवावयाचा आहे, परंतु येथील प्राप्तिकराच्या कक्षेत यावयाचे नाही. त्याचा मार्ग कसा काढावा, याचा विचार ते आपल्या मित्राशी बोलून दाखवीत होते. आम्ही कुतूहलाने विचारता त्यांनी मोठ्या सौजन्याने समजावून दिले. परदेशी कंपनीस येथे नुसते संपर्क कार्यालय उघडता येते. त्याने विक्री करावयाची नाही, नफा मिळवावयाचा नाही, फक्त पत्रव्यवहार पाहावयाचा, गिऱ्हाइकांच्या गाठीभेटी घ्यावयाच्या, आणि खर्चाचे पैसे मुख्य कार्यालयाकडून मागवावयाचे. उत्पन्नच नाही म्हटल्यावर त्यावर कर कसला? दुसरा मार्ग याहून मौजेचा वाटला. दोन देशांतील करविषयक करारांत बहुधा असे एक कलम असते की, कंपनीने जागा केवळ माल साठविण्यासाठी किंवा मांडून ठेवण्यासाठी घेतली असेल, तर तेवढ्यावरून तिचे त्या देशात 'स्थायी आस्थापन' आहे असे समजू नये; आणि स्थायी आस्थापन नाही, तर व्यापारी नफ्यावर करही नाही.

"म्हणजे वखार!" असे आमच्या तोंडून अभावितपणे निघून गेले.

तरुण मंडळी हसली. त्यांच्या लेखी वखार म्हणजे जळाऊ लाकडांची. मराठी मुलुखापासून दूर, छत्तीसगढच्या मातीत वाढलेल्या या मुलांना इंग्रजांच्या वखारी शाळेत एका ओळीत भेटल्या असतील, नसतील. त्यांच्या हसण्याला तेथे नीट उत्तर देता आले नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादकांनी इतिहासावर काही लिहा अशी आज्ञा केली, तेव्हा ते राहिलेले उत्तर आठवले.

परक्या मुलुखात दुकान थाटावे, पण तेथल्या राजाला कर द्यावयाचा नाही, ही युक्ती आजची नव्हे. सतराव्या शतकात टोपीकर व्यापारी किनाऱ्याला लागले तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक अर्जात दोन मागण्या हटकून असत; वखारीला जागा आणि जकातीची माफी. हा विषय आम्हांस जवळचा वाटतो, कारण त्यातील एक आरंभीचा प्रसंग आपल्या रायपूरच्याच खालच्या अंगाला, महानदीच्या मुखाकडे घडला.

१६३३ सालची गोष्ट. मछलीपट्टणच्या इंग्रज वखारीतून राल्फ कार्टराइट नावाचा व्यापारी मोजक्या सोबत्यांसह एका देशी नावेतून ओडिशाच्या किनाऱ्याला लागला आणि तेथून कटकास मोगल सुभेदाराच्या दरबारी गेला. सोबत्यांपैकी विल्यम ब्रूटन याने पुढे ही हकिगत लिहून काढली व १६३८ मध्ये ती लंडनला छापली गेली. दरबाराच्या रीतीप्रमाणे नवाबाने आपले पाऊल चुंबनासाठी पुढे केले. कार्टराइटने दोनदा नकार दिला आणि अखेर ओठ टेकविले. मोबदल्यात त्याला मिळाले काय? ओडिशात कोठेही व्यापार करण्याची, वखार बांधण्याची परवानगी, आणि तीही जकातीवाचून. हरिहरपूर व बालासोर येथे इंग्रजांच्या वखारी उभ्या राहिल्या त्या या पायधरणीतून. नवाबाच्या बाजूने पाहू गेल्यास त्यात वावगे काही दिसत नाही. समुद्रावरून चांदी घेऊन येणारा व्यापारी आपल्या बंदरात उतरावा, आपल्या विणकरांचे कापड उचलावे, म्हणून दोन पैसे सोडले. आजची सरकारे उद्योगांना वर्षानुवर्षांची करमाफी देतात ती याच हिशेबाने. आठदहा माणसांची ती टोळी पाहून यातून पुढे काय निघणार हे कोणालाही सांगता आले नसते, आणि आम्ही आज ते जाणतो म्हणून त्या नवाबाला मूर्ख ठरविणे बरे नव्हे.

वखार म्हणजे नेमके काय, हे येथे सांगितले पाहिजे. ती कारखाना नव्हती. इंग्रजी नावावरून पुष्कळांची तशी समजूत होते. जहाजे वर्षातून ठराविक वाऱ्यांवर येत आणि जात. माल मात्र बारा महिने थोडाथोडा गोळा करावा लागे. हंगामाच्या तोंडावर खरेदीस गेले तर भाव चढलेले असत. म्हणून विणकरांना आगाऊ पैसे देणे, माल तयार होईल तसा ताब्यात घेणे, तपासणे, गाठी बांधून जहाज येईपर्यंत सांभाळणे, यासाठी कायमची माणसे व कायमची जागा लागे. त्या जागेभोवती भिंत आली, भिंतीमागे शिपाई आले, शिपायांमागे तोफा. भिंतीपर्यंत व्यापाराची गरज होती. तोफांपाशी ती संपली होती. पण ती रेघ नेमकी कोणत्या दिवशी ओलांडली गेली हे जागच्या राजाला कळतच नसे.

जकातमाफीच्या कागदांचा इतिहासही असाच मनोरंजक आहे. बंगालचा सुभेदार शाहजादा शुजा याने १६५१ मध्ये इंग्रजांना वर्षाला ३,००० रुपये एकरकमी घेऊन बाकीची जकात माफ केल्याचे निशाण दिले. बाउटन नामक इंग्रज वैद्याने शाहजादी जहाँआराच्या भाजलेल्या जखमा बऱ्या केल्या म्हणून ही माफी मिळाली, अशी गोष्ट इंग्रजांनी पुढे आवडीने सांगितली. परंतु शाहजादी भाजली १६४४ मध्ये आणि बाउटन आग्र्यास गेला तो त्यानंतर. गोष्ट गोड असली तरी तारखांपुढे टिकत नाही. १६८० साली औरंगजेबाने फर्मान दिले त्यात सुरतेस इंग्रजांकडून शेकडा साडेतीन घ्यावेत, त्यांतले दोन जकातीचे व दीड जिझियाचे, असे म्हटले होते. पुढचे वाक्य इतरत्र त्यांना उपद्रव देऊ नये अशा अर्थाचे होते. त्या काळच्या फारसी लेखनात विरामचिन्हे नसत. 'सुरतेस' हा शब्द अलीकडच्या वाक्याला जोडावयाचा की पलीकडच्या, यावर इंग्रजांनी आपला अर्थ बसविला, की सुरतेस एकदा भरले म्हणजे बंगालसह सर्व मुलुखात आम्ही मोकळे. मोगल अंमलदारांनी तो मानला नाही. एका पूर्णविरामावरून दोन पक्षांनी वर्षानुवर्षे भांडावे, हे आजच्या करसल्लागारांना नवल वाटणार नाही.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू.

शिवछत्रपतींचा जकातीविषयीचा विचार ज्या एका पत्रातून लख्ख दिसतो ते १६७१ सालचे, कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले. विषय मिठाचा. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत असे, म्हणून घाटावरचे उदमी आपले बैल तिकडे नेऊ लागले. संगमेश्वराकडील मीठ पडून राहावयाचे भय आले. महाराजांनी हुकूम केला तो असा की, बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, इतकी की ते संगमेश्वराच्या मिठाला भावात भारी पडावे. नाहीतर वाहतूक तिकडे वळेल आणि आपली बंदरे बसतील. परक्या मालावर जकात बसवून घरचा धंदा राखणे, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत संरक्षक जकातीच्या नावाने येते. येथे ते एका सुभेदाराला लिहिलेल्या साध्या कामकाजाच्या पत्रात आले आहे. आम्हांस त्या पत्रातील गणिताचे विशेष वाटते. घाटमाथ्यावरच्या बैलवाल्याने कोणत्या बाजारी जावे हे त्याला बोलून वळवावयाचे नाही, भावाने वळवावयाचे, हे राजाला ठाऊक होते.

याच राजापुढे तीन वर्षांनी, ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी, हेन्री ऑक्झेंडन हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील रायगडावर हजर होता. नजराणा देऊन गेलेला लवून मुजरा करणारा इंग्रज, एवढेच चित्र आपल्या मनात असते. पण ऑक्झेंडन आला होता तहासाठी, आणि त्या तहाच्या मुळाशी राजापूरची वखार होती.

राजापूरला इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्यास वखार घातली ती आदिलशाही अमलात. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरचे काही इंग्रज तेथे गेले आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर गोळे टाकले. व्यापारी म्हणून आलेल्यांनी लढाईत बाजू घेतली. पुढल्या वर्षी महाराजांनी राजापुरावर येऊन वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह काही इंग्रजांना कैदेत घातले. ते १६६३ मध्ये सुटले. त्यानंतर दहा-अकरा वर्षे इंग्रज त्या लुटीची भरपाई मागत राहिले. त्यांचा शेणवी दुभाषी नारायण या खेपांत वारंवार भेटतो. इंग्रजांचे काम एका मराठी माणसाच्या जिभेवर चालले होते, याची नोंद जाता जाता करून ठेवावी.

१६७४ च्या तहात भरपाईचा आकडा १०,००० होनांचा ठरला. पण रोख नाही. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल ५,००० होनांचा माल महाराजांकडून घ्यावा आणि निम्मेच पैसे द्यावेत. म्हणजे ७,५०० फिटले. राहिलेले २,५०० राजापूरची वखार पुन्हा उभी राहिल्यावर तेथील जकातीतून वळते करून घ्यावेत. या व्यवस्थेकडे नीट पाहिले म्हणजे तिच्यातले कौशल्य ध्यानात येते. इंग्रजांना जकातीची सूट मिळाली, पण ती हक्क म्हणून नव्हे, बाकी फेडण्याचा हप्ता म्हणून. २,५०० होन वळते झाले की सूट संपली. आणि ती सूट उपभोगावयाची तर आधी येऊन वखार घालावी लागणार, व्यापार करावा लागणार, बंदर जागते करावे लागणार. देणे फेडताना राजाने गिऱ्हाईकही बांधून घेतले.

बाकीच्या कलमांत राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारी घालण्याची परवानगी होती, मनास येईल त्या भावाने खरेदीविक्रीची मोकळीक होती, आणि जकात होती मालाच्या किमतीवर शेकडा अडीच. माफी नव्हे. दर हलका होता, पण होता. नाणे आणि फुटलेली जहाजे या दोन कलमांवर मात्र बरीच ओढाताण झाली. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे तर त्यातील धातूच्या मोलाने चालावे, हा महाराजांचा आग्रह. आणि किनाऱ्यास लागलेल्या फुटक्या जहाजांवर जागच्या राजाचा हक्क, ही कोकणची पूर्वापार वहिवाट. परक्याला काय द्यावयाचे व काय द्यावयाचे नाही, याची वाटणी त्या कागदात स्पष्ट आहे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत डचांशी ठराव झाला तेव्हाही तोच हात दिसतो. व्यापारास परवानगी, पण माणसांची खरेदीविक्री या मुलुखात चालणार नाही, असे त्यांना बजावले गेले.

महाराजांच्या हाताखाली तयार झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी हा अनुभव पुढे 'आज्ञापत्रा'त घातला. या ग्रंथातील सावकारांचे प्रकरण प्रत्येक मराठी घरात वाचले जावे असे आम्हांस मनापासून वाटते. अमात्य व्यापाराचे शत्रू नाहीत. उलट, सावकार हे राज्याचे भूषण मानून, परमुलुखातील व्यापाऱ्यांना बोलावून आणावे, त्यांना सांभाळावे, असे ते सांगतात. मग टोपीकरांचा विषय येतो आणि सूर बदलतो. इतर सावकारांसारखे हे नव्हेत, कारण यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, असे त्यांचे म्हणणे. यांना आलेगेले व्यापार करू द्यावा, पण कायमची जागा देऊ नये. द्यावीच लागली तर समुद्रकाठी, खाडीच्या मुखावर मुळीच नको. आत, एखाद्या थोर शहराच्या लगत, सखल जागी, की जेणेकरून ते शहराच्या आटोक्यात राहतील. आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. शंका अशी की, किनाऱ्यावर जागा मिळाली की आरमार, दारूगोळा यांच्या बळावर ती जागा त्यांच्याकडून परत घेणे होत नाही. जकातीच्या दराबद्दल अमात्य येथे वाद घालीत नाहीत. त्यांची सारी नजर जागेवर आहे. वखार कोठे, केवढी, कशाने बांधलेली, एवढेच ते पाहतात. आजच्या कायद्यातला स्थायी आस्थापनाचा प्रश्नही जागेपासूनच सुरू होतो, हे आमच्या तरुण मित्राच्या बोलण्यावरून कळले तेव्हा आम्हांस अमात्यांची आठवण झाली ती यामुळे.

कान्होजी आंग्रे यांना हाच प्रश्न समुद्रावर भेटला. त्यांच्या दस्तकावाचून किनाऱ्यावरून जहाज जाऊ नये, हा त्यांचा नियम. इंग्रज म्हणत, आमच्या जहाजांना दस्तक नको. तेही एक वेळ चालले असते. पण मुंबईतील देशी व्यापाऱ्यांची गलबते इंग्रजी निशाण लावून जाऊ लागली आणि तीच माफी मागू लागली. १७१३ च्या तहात इंग्रजांची जहाजे अडवू नयेत हे कान्होजींनी मान्य केले, पण अट अशी होती की इंग्रजी निशाण इंग्रजांच्याच जहाजांवर असावे. अट वाजवी होती. ती पाळली जाणे कठीण होते, कारण निशाण भाड्याने देण्यात दोन्ही बाजूंचा फायदा. पुढे चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आल्यावर लढाया झाल्या. इंग्रजी पुस्तकांनी कान्होजींना चाचा म्हटले. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालाची तपासणी करणारा अंमलदार चाचा कसा, हा प्रश्न आपण त्या पुस्तकांना विचारावयास हवा होता आणि पुष्कळ दिवस विचारला नाही.

बंगालमध्ये निशाण भाड्याने देण्याच्या याच खेळाने सगळे राज्य गेले. १७१५ मध्ये जॉन सरमन याच्या हाताखाली इंग्रजांची वकिलात दिल्लीस पोहोचली. बादशहा फर्रुखसियर आजारी, लग्न लांबलेले. वकिलातीतल्या हॅमिल्टन या वैद्याने त्याला बरे केले. (बाउटनची गोष्ट खोटी ठरली तरी ही खरी आहे, वैद्य बरोबर नेण्याची इंग्रजांची हुशारी मानली पाहिजे.) १७१७ च्या फर्मानांनी बंगालमध्ये दरसाल ३,००० रुपयांत आणि सुरतेस १०,००० रुपयांत कंपनीचा व्यापार जकातमुक्त झाला. कंपनीचा अधिकारी दस्तकावर सही करी, नाक्यावर ते दाखविले की माल सुटे. बंगालचा सुभेदार मुर्शिदकुलीखान खंबीर होता. माफी कंपनीच्या समुद्रपार व्यापाराला आहे, तुमच्या नोकरांच्या खाजगी, मुलुखातल्या मुलुखात चाललेल्या व्यापाराला नाही, असे त्याने बजावले. त्याच्यामागून दोरी सैल होत गेली. कंपनीचे नोकर आपला मीठ, तंबाखू, सुपारीचा खाजगी व्यापार दस्तकावर करू लागले. त्याहून वाईट म्हणजे, ते दस्तके देशी व्यापाऱ्यांना विकू लागले. ज्याच्याजवळ दस्तक तो मोकळा, ज्याच्याजवळ नाही तो बुडाला.

प्लासीनंतर १७६० मध्ये नवाब झालेल्या मीर कासिमने उपाय शोधले. १७६२ च्या अखेरीस गव्हर्नर व्हॅन्सिटार्टशी त्याचे ठरले की इंग्रजांच्या खाजगी व्यापारावर शेकडा ९ जकात असावी. देशी व्यापारी याहून कितीतरी अधिक देत होते. कलकत्त्याच्या कौन्सिलने, ज्यातल्या बहुतेकांचा तोच व्यापार होता, ते धुडकावले आणि मिठावर तेवढे शेकडा अडीच देऊ केले. तेव्हा १७६३ च्या मार्चमध्ये मीर कासिमने एक विलक्षण हुकूम काढला. सर्वांचीच जकात माफ. इंग्रजांना नाही तर माझ्या रयतेलाही नको. खजिन्याला खार लावून त्याने आपल्या व्यापाऱ्यांना इंग्रजांच्या बरोबरीस आणले. यावर कौन्सिलचे म्हणणे काय असावे? हा आमच्यावर अन्याय आहे! त्यांना माफी हवी होती ती इतरांना नसताना हवी होती. युद्ध पेटले, २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारला निकाल लागला आणि १७६५ मध्ये दिवाणी कंपनीच्या हाती आली. कटकास जकात माफ करून घेतल्याला तेव्हा १३२ वर्षे झाली होती. आता बंगाल, बिहार आणि ओडिशाची दिवाणी, म्हणजे कर वसुलीचा हक्क, कंपनीच्या नावे होता.

'आणि ओडिशा' हे शब्द मात्र त्या वेळी कागदावरच होते. ओडिशा मराठ्यांकडे होते, आणि येथून ही कथा थेट आपल्या रायपुरात येते.

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर आला. बंगालच्या स्वाऱ्यांची वाट छत्तीसगढावरून होती. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाकडून बंगालची १२ लाखांची चौथाई ठरली आणि कटक भोसल्यांच्या हाती आले. बालासोर आणि तेथली इंग्रज वखारही त्यांच्या अमलाखाली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगढाचा कारभार पाहत होते, आणि त्यांच्यानंतर नागपुराहून नेमलेले सुभे येऊ लागले. तात्यापाऱ्याच्या नावातच मराठी वळण आहे. आपल्यातील कित्येक जुनी घराणी त्या काळापासून येथली, आणि कित्येक पुढे रेल्वेबरोबर, शाळाकचेऱ्यांबरोबर आलेली.

कॅप्टन ब्लंट हा इंग्रज प्रवासी १७९५ मध्ये रतनपूर, रायपूर पाहून गेला. सुकाळाच्या वर्षी या प्रांतातून धान्य बाहेर नेण्यास एक लाख बैल लागतात, असे त्याने नोंदविले आहे. ते बैल बंजाऱ्यांचे. जाताना धान्य, येताना किनाऱ्याचे मीठ. त्याच ब्लंटने मराठी सुभ्यांच्या वसुलीची कडक निंदा केली आहे. इंग्रजाचे म्हणणे म्हणून ते झटकून टाकण्याचा मोह आम्हांसही होतो, पण झटकता येत नाही. जमीनदारांकडून टकोली, रयतेकडून वसूल, आणि पैसा चालला नागपुरास. येथे परका अंमल आपला होता. इंग्रजांच्या दस्तकाविषयी लिहिताना लेखणी जेवढी मोकळी धावते, तेवढी या परिच्छेदात धावत नाही, हे कबूल करतो.

ओडिशाचे मीठ मात्र भोसल्यांनी सांभाळले. बंगालमध्ये कंपनीने मिठाचा मक्ता केला होता आणि शेजारचे ओडिशाचे स्वस्त मीठ चोरवाटांनी बंगालात जाऊन तो मक्ता पोखरीत होते. १७९० च्या सुमारास कंपनीने प्रस्ताव केला की ओडिशाचे सारेच मीठ आम्हांस विकावे. रघूजी भोसल्यांनी नकार दिला. नकाराचा पुढचा हिशेब दुसऱ्या रीतीने झाला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक व बालासोर इंग्रजांकडे गेले आणि लगेच, १८०४ मध्ये, मिठाचा मक्ता तेथेही लागू झाला. आपल्या छत्तीसगढात बैलांवर येणाऱ्या मिठावर कराचे ओझे चढले ते तेव्हापासून.

पुढच्या साठसत्तर वर्षांत त्या ओझ्याला एक अजब रूप आले. मिठाची चोरटी ने-आण थांबविण्यासाठी इंग्रज सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत, आपल्या मध्य प्रांतातूनही, जकातीची एक सलग रेघ ओढली. जेथे माती मानवली तेथे बाभूळ, करवंद, निवडुंग यांचे काटेरी कुंपण वाढविले. १८७० च्या आसपास तिच्यावर १२,०००हून अधिक माणसे पहाऱ्यास होती. या खात्याचा एक प्रमुख ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच. १ एप्रिल १८७९ रोजी ही रेघ उठविली गेली, पण मिठाचा कर राहिला. तो आता मीठ पिकते तेथेच वसूल होऊ लागला.

यानंतरच्या काळातल्या जकाती आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिल्या आहेत. मध्य प्रदेशाने शहरांची जकात १९७६ मध्ये काढून तिच्या जागी प्रवेश कर आणला, आणि मुंबईचे जकातनाके १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद पडले. सुट्टीत ठाण्या-मुलुंडाला नातेवाइकांकडे जाताना नाक्यावर रांगेत उभे राहिलेले मालमोटारींचे तांडे या मुलांनीही पाहिले असतील.

दस्तकाची रीत मात्र निराळ्या वेषात राहिली. १९८२ साली भारताने मॉरिशसशी करार केला. दोन देशांत एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये, हा हेतू चांगला. पण मॉरिशसमध्ये नावापुरती कंपनी काढून तिसऱ्याच देशाचा पैसा तिच्यातून भारतात आला, आणि येथील भागभांडवल विकून झालेला नफा कोठेच कर न भरता बाहेर गेला. निशाण मॉरिशसचे, माल कोणाचा ते सांगता येत नाही. कान्होजींनी १७१३ मध्ये घातलेली अट येथे आठवावी. मे २०१६ मध्ये करार दुरुस्त झाला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या भागांवर भारताचा कर लागू झाला. वखारीच्या कलमाबद्दलही जगभर असाच विचार चालला आहे. जुन्या नमुना करारात साठवण, मांडणी आणि मालाचा हवाला या तिन्ही गोष्टी करमुक्त होत्या. संयुक्त राष्ट्रांनी १९८० मध्ये विकसनशील देशांसाठी नमुना केला तेव्हा हवाल्याचा शब्द गाळला, कारण माल हाती देणे म्हणजे अर्धी विक्रीच. आता तर एकच धंदा तुकडे करून चार ठिकाणी 'नुसती साठवण' म्हणून दाखविता येऊ नये, अशीही कलमे घातली जात आहेत. घरबसल्या मागविलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दाराशी येते ती कोणाच्या तरी वखारीतूनच येते.

आमच्या त्या तरुण मित्रास आम्ही 'आज्ञापत्रा'ची प्रत वाचावयास दिली होती. कोजागरीच्या रात्री मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना त्याने ती परत केली. पुस्तकात खुणा करणारांचा आम्हांस राग आहे, तरी टोपीकरांच्या परिच्छेदालगत त्याने शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले करारातले कलमांक पाहून काही बोललो नाही. त्याला आता ब्रूटनची हकिगत हवी आहे. पाऊल चुंबण्याची गोष्ट खरी की वकिलाने नंतर रंगविलेली, असे त्याने विचारले. ब्रूटन स्वतः तेथे हजर होता आणि आपल्याच माणसाच्या मानहानीची गोष्ट कोणी मुद्दाम रंगवीत नाही, एवढे आम्ही सांगितले, आणि पुस्तक शोधून देण्याचे कबूल केले आहे.